रॉड काढायचा की राहू द्यायचा?

प्रश्न : माझे यजमान ४६ वर्षांचे. गेल्या वर्षी मिरगाच्या पावसात स्कूटर घसरली आणि उजव्या पायाच्या नडगीचं हाड मोडलं. बांबोळीला ऑपरेशन झालं, आत रॉड आणि स्क्रू घातले. दिवाळीनंतर काठी सुटली. आता चालतात, गाडी चालवतात. पण भजनाला मांडी घालून बसल्यावर उठताना गुडघा टेकला की पुढच्या बाजूला ठणका लागतो. शेजारचे काका म्हणतात, आपल्या हवेत गेट दोन पावसाळ्यांत गंजतं, मग पायातलं लोखंड काय टिकणार? गणेश चवथीपूर्वी रॉड काढून घ्यावा का? आणि राहिला, तर गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची माटोळी बांधायला त्यांनी स्टुलावर चढलेलं चालेल का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : वहिनी, आधी काकांचं गेट बाजूला ठेवू. गेट साध्या लोखंडाचं असतं. हाडात घालतात ते स्टील वेगळं. त्यात १८ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं, शिवाय निकेल आणि मॉलिब्डेनम. क्रोमियममुळे पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा धरतो, आणि तो ओरखडला तरी पुन्हा तयार होतो. हल्ली बरेच रॉड टायटॅनियमच्या मिश्रधातूचे असतात, तेही असेच. म्हणून केवळ गंजाच्या भीतीने रॉड काढायचं कारण नाही.

धातूला खरी भीती दमण्याची. तार एकाच जागी पुन्हापुन्हा वाकवली की तुटते ना, तसं. हाड जुळलं नाही आणि माणूस चालत राहिला, तर प्रत्येक पावलागणिक सगळा भार रॉडवर पडतो, आणि कितीही महागाचा रॉड असला तरी एक दिवस तो मोडतो. रॉड हाड जोडत नाही, हाड जोडतं ते शरीरच. रॉडचं काम तोवर दोन्ही तुकडे सरळ रेषेत धरून ठेवणं, एवढंच. लोक माझ्याकडे येऊन रॉडची कंपनी आणि किंमत सांगतात. हाड जुळलं का, हे विचारणारे थोडे. यजमान विडी-सिगारेट ओढत असतील तर तेही कळवा, कारण तंबाखूने हाड उशिरा जुळतं. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, पण मी विचारल्याशिवाय राहत नाही.

तेव्हा पहिलं काम नवा एक्स-रे, समोरून आणि बाजूने. या दोन फिल्म्समध्ये मिळून हाडाच्या चार कडा दिसतात. त्यांपैकी निदान तीन कडांवर नवं हाड सलग भरलेलं दिसलं, की आम्ही ‘जुळलं’ म्हणतो. वर्ष उलटून गेलंय आणि ते बिनदुखत चालतात, म्हणजे बहुधा जुळलेलं असेल. तरी फिल्म पाहिल्याशिवाय रॉडला हात लावू देऊ नका.

आता गुडघा. नडगीचा रॉड गुडघ्याच्या वाटीखालून, तिथल्या जाड दोरीसारख्या स्नायुबंधाच्या मधून किंवा बाजूने आत सरकवतात. त्यामुळे गुडघा टेकताना पुढे दुखणं ही या ऑपरेशनची अगदी नेहमीची तक्रार आहे. तुमच्या घरी काही विपरीत घडलेलं नाही. रॉडचं वरचं टोक हाडाबाहेर डोकावत असेल तर काढल्यावर आराम पडण्याची शक्यता चांगली. टोक आतच असेल तर मात्र रॉड काढूनही काहींचा ठणका राहतो. हे ऑपरेशनच्या आधी कानावर पडलेलं बरं. मांडीचे पुढचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम त्याआधी मनापासून करून पाहावेत. ‘तेल लावलं की बसेल’ हा आपल्याकडचा लाडका सल्ला. तेलाने त्वचेला बरं वाटेल, रॉडच्या टोकापर्यंत ते पोचत नाही.

चवथीपूर्वीची घाई नको. रॉड काढल्यावर स्क्रूंची भोकं काही आठवडे पोकळ राहतात आणि तेवढ्या काळात हाड तिथेच पुन्हा मोडू शकतं. ओल्या अंगणात घसरायचे दिवस हेच. शिवाय टाके ओले असताना पाहुण्यांची वर्दळ कशाला? काढायचाच ठरला तर पावसाळा सरल्यावर. माटोळीचं म्हणाल, तर हाड जुळलं असेल तर त्यांनी स्टुलावर खुशाल चढावं. फक्त स्टूल डुगडुगणारं नको आणि ते धरायला घरातलं एक धट्टंकट्टं पोरगं हवं. नारळ-सुपारीचे घोस मात्र दुसऱ्याने वर द्यावेत.

आणखी एक. डिस्चार्जचा कागद आणि त्यावरची इम्प्लांटची चिकटपट्टी शोधून ठेवा. रॉड बाहेर ओढायला त्याच्या डोक्यात एक हत्यार फिरवून बसवावं लागतं, आणि प्रत्येक कंपनीचे आटे वेगळे. रॉड कुठला हे ठाऊक नसेल, तर साधं काम लांबत जातं. कागदाला वाळवी लागण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.

प्रश्न : आई ७८ वर्षांची. न्हाणीत पडून खुब्याचं हाड मोडलं. या वयात ऑपरेशन नको, झोपवून ठेवू, असं मामांचं मत आहे. – पेडणे

उत्तर : मामांना माझा नमस्कार सांगा आणि आईला आजच इस्पितळात हलवा. या वयात ऑपरेशनपेक्षा अंथरुण धोक्याचं. पडून राहिलं की छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या धरतात. म्हणून तब्येत तपासून शक्यतो ४८ तासांच्या आत ऑपरेशन करतात. मोड कुठे आहे त्यावर रॉड-स्क्रू घालायचे की खुब्याच्या सांध्यातला हाडाचा गोळा बदलायचा ते ठरतं, आणि बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करतात. नंतर हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी आणि औषध विसरू नका. एक खुबा मोडलेल्याचा दुसराही मोडू शकतो.

प्रश्न : हातात प्लेट आहे. मोपाच्या विमानतळावर अडवतील का? आणि एमआरआय चालेल का? – म्हापसा

उत्तर : यंत्र वाजलं तर हात दाखवून सांगा, ते तपासून सोडतील. एमआरआयबद्दल, हाडांसाठीचं नेहमीचं स्टील आणि टायटॅनियम दोन्ही चुंबकाकडे ओढली जात नाहीत, त्यामुळे तपासणी बहुधा होते; प्लेटजवळचा भाग तेवढा धूसर येतो. प्लेट आहे हे तंत्रज्ञाला आत जाण्याआधी सांगा, आणि कागद असेल तर सोबत न्या.