वाळवी म्हणजे मुंगी नव्हे

फोंड्याहून एका वाचकाने विचारलंय: आंब्यावरचे हुमले, म्हणजे पानं शिवणाऱ्या तांबड्या मुंग्या, आणि दाराची चौकट पोखरणारी वाळवी एकाच जातीची का? वाळवीला ‘पांढरी मुंगी’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार! फवारणीवाल्यांच्या तोंडी हे रोज ऐकतो आणि दर वेळी चिडतो. इंग्रजांनी आणि पोर्तुगिजांनी तिला पांढरी मुंगी म्हटलं, कारण त्यांच्याकडे घरचा शब्द नव्हता. आपल्याकडे आहे. हुमला गांधीलमाशीच्या गोतातला, वाळवी झुरळाच्या. हुमल्याची कंबर पाहा, सुतासारखी. वाळवीला कंबरच नाही. हुमले स्वतःच्या अळ्यांच्या रेशमाने पानं शिवतात, वाळवी भिंतीवर मातीची नळी ओढून तिच्या आडून चालते.

आता शब्दाकडे. ‘वाळवी’ वाळूवरून आली, असं काही जाणकार ठासून सांगतात. वाळूचा इथे संबंध काय? संस्कृतात ‘वल्मी’ आहे, त्यावरूनच ‘वल्मीक’ म्हणजे वारूळ. ग्रामचं गाव झालं, नामचं नाव झालं, तशी वल्मीची वाळवी झाली, असं माझं ठाम मत आहे.

याहून जुना शब्द ‘वम्री’. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात विष्णू ताणलेल्या धनुष्यावर डोकं टेकून उभा असतो. वम्री येऊन दोरी कुरतडतात, धनुष्य उसळतं आणि विष्णूचं शिर तुटतं. देवांकडून बक्षीस म्हणून वम्रींना वाळवंटातही पाणी सापडेल असा वर मिळतो. मोनियर-विल्यम्स यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशात वम्रीचा अर्थ मुंगी. साफ चूक! ब्राह्मणकारच पुढे सांगतो, वम्री म्हणजे ‘उपदीका’, आणि मराठीतली ‘उधई’, म्हणजे वाळवीच, मला त्याच घरातली वाटते. दोरी तरी कशाची? धनुष्याच्या दोरीला ‘मौर्वी’ म्हणतात, कारण ती मूर्वा वेलीच्या तंतूंची वळत. असा सुका तंतू कोण खातं? पाण्याचा वरही वाळवीलाच शोभतो: वराहमिहिराने बृहत्संहितेत जमिनीखालचं पाणी शोधताना वारूळ ही खूण धरली आहे.

म्हणून वारुळाच्या रूपात पुजल्या जाणाऱ्या सातेरी देवीच्या देवळातल्या वारुळाला ‘मुंग्यांचं वारूळ’ म्हणू नका. रोयण, म्हणजे गोव्याकडचं वारूळ, वाळवीच रचते. पावसाळ्यात तिच्यावर फुटणारी अळमी, म्हणजे रानटी मशरूमसुद्धा, वाळवीने आत जोपासलेल्या बुरशीचीच.