अलार्म वाजल्यानंतर कोण काय करणार?

सप्रेम नमस्कार,

तुझं पत्र वाचलं. एआय, क्लाउड, फेस रेकग्निशन, मोबाइलवर उघडणारी दारं, ड्रोन अशी यादी देऊन तू विचारलं आहेस, की इलेक्ट्रॉनिक सुरक्षा यंत्रणांच्या कामात शिरताना यातलं आधी काय शिकू. यादी बरोबर आहे, पण प्रदर्शनातले स्टॉल फिरून केल्यासारखी आहे. स्टॉलवर प्रत्येक यंत्र बिनचूक चालताना दाखवतात. आपल्या कामाचा कस मात्र ते चुकतं तेव्हा लागतो. म्हणून कुठलीही नवी वस्तू समोर आली की मी दोन प्रश्न विचारते. ही चुकेल तेव्हा कशी चुकेल? आणि अलार्म वाजल्यानंतर कोण काय करणार? हे दोन प्रश्न हाताशी धरूनच तुझी यादी बघू.

सगळ्यात जास्त गाजावाजा चित्रातली माणसं-वाहनं आपोआप ओळखणाऱ्या व्हिडिओ अ‍ॅनालिटिक्सचा आहे, आणि तो अगदीच पोकळ नाही. जुना मोशन डिटेक्शन फक्त आधीच्या आणि आताच्या चित्रातले पिक्सेल ताडून बघायचा. फांदी हलली, पाऊस आला, गाडीच्या दिव्याचा झोत भिंतीवरून सरकला, की अलार्म. २०१२ नंतर डीप लर्निंगनं चित्र ओळखण्यात मोठी झेप घेतली आणि आता ते मॉडेल कॅमेऱ्यातल्या चिपवरच चालतं. कॅमेरा नुसतं चित्र पाठवत नाही. माणूस आहे की वाहन, कपड्यांचा रंग कोणता, कुठल्या दिशेनं गेला, हा मेटाडेटाही पाठवतो. ही माहिती वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रणांना एकमेकींची समजावी म्हणून ऑनव्हिफ या सामायिक मानकं ठरवणाऱ्या संघटनेनं २०२१ मध्ये प्रोफाइल एम हा नियमसंच आणला. तो नीट वाच. कॅमेरा आणि व्हीएमएस (सगळ्या कॅमेऱ्यांचा व्हिडिओ सांभाळणारं सॉफ्टवेअर) दोन वेगळ्या कंपन्यांचे असले की 'ऑनव्हिफ सपोर्टेड' एवढ्या शब्दांवर विसंबू नकोस. कुठला प्रोफाइल, यंत्रातल्या सॉफ्टवेअरची (फर्मवेअरची) कुठली आवृत्ती, हे विचार.

आता थोडं गणित. २०० कॅमेरे आहेत आणि प्रत्येक जण तासाला फक्त एकदा खोटा इशारा देतो असं धर. विक्रेता म्हणेल, तासाला एक म्हणजे काहीच नाही. पण दिवसाला ४,८०० इशारे झाले, म्हणजे दर १८ सेकंदांना एक. कंट्रोल रूममधला माणूस काही दिवसांत आवाज बंद करून ठेवतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो. म्हणून 'अचूकता ९९ टक्के' असं कोणी सांगितलं की ती कशाच्या किती टक्के, हे विचार. तुला हवा तो आकडा वेगळा आहे: एका ऑपरेटरपुढे एका पाळीत किती खोटे इशारे येणार? तो आकडा निविदेत लिहून घे आणि स्वीकृती चाचणीत मोज. चाचणी दिवसा, कोरड्या हवेत उरकू देऊ नकोस. रात्री, पावसात, माणसाला वाकून आणि रांगत चालायला लावून वॉक टेस्ट घे.

काही चुका मॉडेल बदलून जातच नाहीत. इन्फ्रारेड दिव्यांपाशी रात्री किडे जमतात, किड्यांच्या मागोमाग कोळी येतो आणि काचेपुढे जाळं विणतो. जवळच्या इन्फ्रारेड उजेडात तो धागा पांढराफेक चमकतो, वाऱ्यानं हलतो आणि अ‍ॅनालिटिक्स वेडं होतं. यावर उपाय म्हणजे दिवा कॅमेऱ्यापासून वेगळा, अंतरावर बसवायचा आणि देखभाल करारात ब्रशनं सफाई लिहायची. परिमितीवर, म्हणजे कुंपणाच्या कडेनं, जिथे चित्राचा भरवसा नाही, तिथे थर्मल (उष्णता टिपणारा) कॅमेरा किंवा रडार जोडीला घे. धुकं आणि काळोख रडारला अडवत नाहीत, पण समोर आलंय ते काय आहे हे ते नीट सांगू शकत नाही. ते कॅमेरा सांगतो. दोघांच्या चुका वेगवेगळ्या कारणांनी होतात, म्हणूनच जोडी जमते. एकाच कारणानं चुकणारी दोन यंत्रं शेजारी लावली तर खर्च दुप्पट होतो, खात्री वाढत नाही.

चेहरा ओळखण्याबद्दल तू उत्साहानं लिहिलं आहेस. इथे दोन वेगळी कामं एकाच नावाखाली विकली जातात. दारापुढे उभा माणूस तोच आहे का, ही एकास एक पडताळणी. गर्दीतला हा चेहरा यादीतल्या हजारांपैकी कोणाचा आहे का, हा शोध. पहिल्यात माणूस स्वतः थांबतो, उजेड बरा असतो, चुकलं तर तो पुन्हा प्रयत्न करतो. दुसऱ्यात त्याला काही माहीतच नसतं. एखाद्या जागी रोज ५०,००० लोक जातात आणि यंत्रणा हजारात एकाला चुकून यादीतला ठरवते असं समज. रोज ५० निरपराध माणसं थांबवली जातील, आणि यादीतला खरा माणूस कदाचित वर्षभर फिरकणारही नाही. शिवाय चुका सगळ्यांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेनं २०१९ च्या अहवालात दाखवलं, की बऱ्याच अल्गोरिदममध्ये चुकीच्या जुळणीचं प्रमाण लोकसमूहानुसार १० ते १०० पटींनी वेगळं पडतं. युरोपीय संघाच्या एआय कायद्यानं पोलिसांनी सार्वजनिक जागी असा प्रत्यक्ष शोध घेण्यावर, मोजके अपवाद सोडून, फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आणली आहे. ग्राहकानं ही सोय मागितली तर जुळणी झाल्यावर कोण, काय, कुठल्या अधिकारानं करणार, हे त्याच्याकडून लिहून घे. बरेचदा या प्रश्नावरच मागणी मागे पडते.

मेगापिक्सेलच्या जाळ्यातही अडकू नकोस. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ६२६७६-४ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत साधी पट्टी दिली आहे: अनोळखी माणसाची ओळख पटवायला दृश्याच्या रुंदीत दर मीटरला २५० पिक्सेल, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, आणि कोणीतरी आहे एवढं कळायला २५. ८ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची रुंदी ३,८४० पिक्सेल असते. २५० नं भाग, म्हणजे ओळख पटण्याइतकं चित्र जेमतेम १५ मीटर रुंदीपर्यंत. तोच कॅमेरा ६० मीटर रुंद पार्किंगवर लावला तर मीटरला ६४ पिक्सेल उरले. त्यात माणसाच्या हालचाली कळतील, चेहरा नाही. आणि हे दिवसाचं. रात्री शटर मंदावलं की धावणारा माणूस म्हणजे एक फराटा. हल्ली अंधुक चेहरा 'एआयनं स्पष्ट करून' देणारी सॉफ्टवेअर आली आहेत. ती हरवलेले पिक्सेल परत आणत नाहीत, तिथे कसा चेहरा असू शकेल याचा अंदाज रंगवतात. असं चित्र पुरावा म्हणून कधीही पुढे करू नकोस. मूळ रेकॉर्डिंग जसंच्या तसं, हॅशसह (फाइल बदलली तर लगेच कळेल असा तिचा अंकी ठसा) जप, आणि सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं एनटीपीनं, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीनं, जुळलेली ठेव. खोटे व्हिडिओ बनवणं सोपं झाल्यापासून कॅमेऱ्यातच व्हिडिओवर डिजिटल स्वाक्षरी करण्याची सोय येऊ लागली आहे. माझ्या मते येत्या काळात या छोट्या सोयीला मोठ्या अ‍ॅनालिटिक्सपेक्षा जास्त मोल येईल.

'लाल शर्ट, पाठीवर काळी बॅग' असं लिहून शोधायची सोय तपासाचे तास वाचवते, ती जरूर शिक. फक्त एक लक्षात ठेव. सापडलं तर ते डोळ्यांनी बघून खात्री करता येते, पण सापडलं नाही म्हणजे तो माणूस आलाच नव्हता असं होत नाही.

अ‍ॅक्सेस कंट्रोलकडे, म्हणजे कुठलं दार कोणाला उघडायचं हे ठरवणाऱ्या यंत्रणेकडे, तरुण मंडळी कमी वळतात, कारण त्यात बघण्यासारखं चित्र नसतं. मला तिथे जास्त काम दिसतं. जगभर असंख्य दारांवरचे कार्ड वाचणारे रीडर अजून विगँड या जुन्या पद्धतीनं कंट्रोलरशी, म्हणजे दार उघडायचं का हे ठरवणाऱ्या यंत्राशी, बोलतात. कार्डाचा क्रमांक दोन तारांवरून उघडाच्या उघडा जातो. रीडर दाराच्या बाहेरच्या बाजूला असतो. चार स्क्रू काढून मागे एक छोटा सर्किट बोर्ड जोडला, की येणाऱ्या प्रत्येक कार्डाचा क्रमांक टिपता येतो आणि नंतर तोच परत पाठवून दार उघडता येतं. संवाद एकतर्फी असल्यानं रीडर कोणी उपटून नेला तरी कंट्रोलरला पत्ता नसतो. यावरचा उतारा म्हणजे ओएसडीपी. आरएस-४८५ या तारजोडणीवर चालणारा, दुतर्फी, एईएस-१२८ या कूटपद्धतीनं कूटबद्ध होऊ शकणारा हा प्रोटोकॉल २०२० मध्ये आयईसी मानक झाला. मी 'होऊ शकणारा' म्हटलं, कारण ओएसडीपी बसवूनही सिक्युअर चॅनेल (कूटबद्ध संवाद) बंद ठेवलेल्या किंवा कारखान्यातूनच आलेली कूटकिल्ली न बदललेल्या जागा सर्रास दिसतात. कागदावर सगळं सुरक्षित, तारेवर सगळं उघडं. कार्डांचंही तसंच. १२५ किलोहर्ट्झची साधी प्रॉक्सिमिटी कार्डं स्वस्त यंत्रावर नक्कल होतात, आणि मायफेअर क्लासिक या कार्डाचं कूट तर संशोधकांनी २००८ मध्येच फोडलं. मोबाइल क्रेडेन्शियल (कार्डाऐवजी फोन) घे, अल्ट्रा वाइडबँड (फोनचं अंतर नेमकं मोजणारा रेडिओ) घे, पण रीडरच्या मागची तार जुनीच राहिली तर पुढचा सगळा थाट फुकट.

दाराबद्दल आणखी एक, आणि यात तडजोड नाही. बाहेर पडण्याच्या वाटेवर मॅगलॉक (विजेवर चालणारं चुंबकी कुलूप) असेल तर आगीच्या पॅनलनं त्याची वीज थेट तारेनं तोडली पाहिजे. सर्व्हर, सॉफ्टवेअर, क्लाउड यांच्यामार्फत नको. वीज गेल्यावर उघडणारं कुलूप कुठे आणि बंद राहणारं कुठे, हे प्रत्येक दारापुढे उभं राहून ठरव. एका ठिकाणी मी सर्व्हर रूमच्या दाराचा, वीज गेल्यावर बंद राहण्याचा, नियम जिन्याच्या दारालाही लावलेला पाहिला आहे. ड्रॉइंगवर ते कोणालाही खटकलं नव्हतं.

सायबर सुरक्षा हा वेगळा विषय समजू नकोस, तो आपलाच विषय आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरनं कारखान्यातले पासवर्ड तसेच ठेवलेले लाखो आयपी (नेटवर्कवरचे) कॅमेरे, डीव्हीआर (व्हिडिओ रेकॉर्डर) आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अशाच यंत्रांच्या फौजेनं वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या एका डीएनएस कंपनीवर हल्ला करून बड्या बड्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. ब्रिटननं एप्रिल २०२४ पासून ग्राहकोपयोगी जोडणीयोग्य उपकरणांत सरसकट एकच डिफॉल्ट पासवर्ड ठेवायला कायद्यानं मनाई केली. म्हणजे मुद्दा कळायला साडेसात वर्षं लागली. कॅमेऱ्यांचं नेटवर्क वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच तारांवरच्या स्वतंत्र कप्प्यात) ठेव, स्विचच्या पोर्टवर ८०२.१एक्स (ओळख पटल्याशिवाय यंत्राला जोडू न देणारी पद्धत) लाव, पोर्ट फॉरवर्डिंग करून, म्हणजे राउटरमधून थेट वाट मोकळी करून, एनव्हीआर (कॅमेऱ्यांचा नेटवर्क रेकॉर्डर) इंटरनेटवर उघडा ठेवू नकोस. फर्मवेअर किती वर्षं मिळणार, हे खरेदीआधी लेखी घे.

क्लाउडचं सोपं आहे, आधी गुणाकार कर. ४ एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी लिहितो. असे १०० कॅमेरे म्हणजे अखंड ४०० एमबीपीएस अपलोड. म्हणून मोठ्या जागी रेकॉर्डिंग जागेवर आणि व्यवस्थापन क्लाउडवर अशी मिसळ पुष्कळदा चालते. मात्र सगळ्या किल्ल्या एका जुडग्यात आल्या की जुडगा हरवण्याची भीतीही मोठी. २०२१ मध्ये एका क्लाउड कॅमेरा कंपनीचं वरिष्ठ खातं हॅकरांच्या हाती लागलं, आणि सुमारे दीड लाख कॅमेऱ्यांपर्यंत पोहोचल्याचा दावा त्यांनी केला. त्यात दवाखाने होते, तुरुंग होते, शाळा होत्या.

ड्रोन शोधणाऱ्या यंत्रणा बघून ठेव, एवढंच. ड्रोन दिसला तरी तो पाडायचा किंवा जॅम करायचा अधिकार बहुतेक देशांत खासगी माणसाला नाही. म्हणजे माझा दुसरा प्रश्न तिथे अजून अनुत्तरित आहे.

आणि आयुष्यमान. आपली यंत्रणा दहा वर्षं भिंतीवर राहते, मोबाइलचं नेटवर्क तितकं टिकेलच असं नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्रीजी बंद झालं तेव्हा अलार्म पॅनलमधले कम्युनिकेटर (मोबाइल नेटवर्कवरून संदेश पाठवणारे भाग) जागोजागी जाऊन बदलावे लागले. संदेश कुठल्या वाटेनं जातो आणि ती वाट बंद झाली तर दुसरी कुठली, हे प्रत्येक पॅनलसाठी लिहून ठेव.

मग आधी काय शिकायचं? नेटवर्किंग. आयपी पत्ते, मल्टिकास्ट (एकच प्रवाह अनेकांना पाठवणं), पीओई (नेटवर्कच्या तारेतूनच यंत्राला वीज देणं). पीओईच्या ८०२.३एएफ मानकाच्या पोर्टवर १५.४ वॅट, एटीवर ३०, बीटीवर ९० पर्यंत. तांब्याची तार १०० मीटर, त्यापुढे फायबर. वायरशार्क या सॉफ्टवेअरमध्ये नेटवर्कवरून जाणारी पॅकेट स्वतः उघडून बघ. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची जुजबी ओळख कर, म्हणजे शेकडो कॅमेऱ्यांची फर्मवेअर आवृत्ती हातानं तपासावी लागणार नाही. विजेची गणितं कर, बॅटरी बॅकअप किती तास टिकेल ते काढ. कंपन्यांची प्रमाणपत्रं नोकरीला लागतात तेवढी घे, ती मुदतीनं कालबाह्य होतात. अर्थिंग आणि व्होल्टेज ड्रॉप तसे होत नाहीत.

शेवटी तू पाठवलेल्या गोदामाच्या आराखड्याबद्दल. कॅमेऱ्यांच्या जागा दाखवल्या आहेस, पण बसवण्याची उंची आणि लेन्सची फोकल लेंग्थ नाही. त्याशिवाय मीटरला किती पिक्सेल पडतात ते काढता येत नाही. मागच्या दोन दारांना कुठलं कुलूप आहे आणि आगीच्या पॅनलची तार तिथवर जाते का, तेही कळत नाही. एवढं भरून पुन्हा पाठव. रात्री कंट्रोल रूममध्ये किती माणसं असतात तेही लिही, त्यावर अ‍ॅनालिटिक्स कुठल्या कॅमेऱ्यांवर चालू ठेवायचं ते ठरवू.