काळ्या पट्ट्या राहू द्या, माणसं ताणू नका

व्हीएचएस कॅसेटवरून उतरवलेलं घरचं लग्न एडिट करून एमपी४ केलं की सगळे बसके आणि रुंद दिसतात, आकार नीट ठेवून फाइल लहान कशी करायची, असं तुम्ही विचारलंय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाइल किती मोठी होणार हे बिटरेट (दर सेकंदाच्या चित्राला किती डेटा दिला जातो) आणि लांबीवर ठरतं. बिटरेट फार उतरवला तर चित्र गढूळ होईल, हलत्या जागी चौकोन दिसतील, पण माणूस जाड होणार नाही. माणूस जाड होतो तो बहुतेक वेळा कुणाला तरी स्क्रीन पूर्ण भरलेली हवी असते म्हणून.

माझ्या ताईचं लग्न १९९२ सालचं, मिरजेतलं. त्यानंतर काही वर्षांनी आई गेली. आई हलताना-बोलताना दिसते ती फक्त त्या एका कॅसेटमध्ये. दादाने ती कॅसेट एका स्टुडिओत दिली आणि पेनड्राइव्हवर फाइल आणली. दिवाळीत सगळे जमले असताना नव्या मोठ्या टीव्हीवर लावली. चित्र या कडेपासून त्या कडेपर्यंत. मंगलाष्टकं सुरू होती, आई अक्षता वाटत होती, आणि ती माझी आई वाटतच नव्हती. आई उंच, सडपातळ, निमुळत्या चेहऱ्याची. स्क्रीनवर गोल चेहऱ्याची, रुंद खांद्यांची कुणी बाई फिरत होती. आजीला कधी न पाहिलेल्या भाचीने विचारलं, "आजी एवढी जाड होती?" ताई उठून आत गेली.

हिशेब सरळ आहे. कॅसेटमधलं चित्र ४:३, म्हणजे रुंदी उंचीच्या १.३३ पट. टीव्ही १६:९, म्हणजे १.७८. एकाला दुसऱ्यात ताणून बसवलं की प्रत्येक गोष्ट एक तृतीयांशाने रुंद होते. स्टुडिओवाल्याने दादाला सांगितलं, "टेप जुनी आहे, ताणली गेली असेल." हे साफ खोटं. टेप ताणली गेली तर चित्र थरथरतं, वरच्या कडेला वाकतं, आवाज लहरतो. पूर्ण लग्नभर सगळी माणसं एकाच प्रमाणात रुंद होत नाहीत.

दादाचं म्हणणं आजही तेच आहे: "एवढा मोठा टीव्ही घेतला, दोन्ही बाजूंना काळं कशाला बघायचं? आणि चेहरा ओळखू येतोय ना." मी म्हणाले, मला येतोय रे, तिच्या नातवंडांना कुठून येणार? तर म्हणे, "मग झूम करून भर." झूम करून भरलं तर उंचीचा चौथा भाग कापला जातो. वरून कापा, फेटे जातात. खालून कापा, पाट आणि चौरंग जातात. शूटिंगवाल्याने फ्रेम लावली होती ती ४:३ साठी. आणि ताणलेलं चित्र परत दाबता येतं, कापलेलं परत येत नाही. स्टुडिओची १९२०×१०८० फाइल मी १४४०×१०८० वर आणली, तर आई आईसारखी दिसली. पण दोनदा कॉम्प्रेस झाल्यामुळे चेहऱ्यावरचे बारकावे गेले होते. शेवटी मूळ कॅसेट दुसरीकडून पुन्हा कॅप्चर करून घेतली.

आता तुमचं. आपल्याकडच्या पाल (जुन्या टीव्ही-व्हिडिओच्या) पद्धतीतल्या कॅसेटचं कॅप्चर बहुधा ७२०×५७६ असतं. हा आकार ४:३ पण नाही आणि १६:९ पण नाही, कारण त्यातले पिक्सेल चौकोनी नसतात. चित्र किती रुंद दाखवायचं याची नोंद फाइलमध्ये असते. एडिटिंगमध्ये ती हरवली किंवा १६:९ झाली की गोंधळ झालाच. प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये क्लिपच्या इंटरप्रिट फुटेजमध्ये जाऊन पिक्सेल आस्पेक्ट रेशो (पिक्सेलच्या रुंदी-उंचीचं प्रमाण) डीव्ही पाल करा, वाइडस्क्रीनवाला नको. डाव्हिंची रिझॉल्व्हमध्ये तेच क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये आहे. एक्स्पोर्ट चौकोनी पिक्सेलमध्ये, ७६८×५७६. 'स्ट्रेच टू फिल' हा पर्याय दिसला तर त्याला हातही लावू नका, तिथे 'स्केल टू फिट'च पाहिजे. हलताना आडव्या रेषा दिसत असतील तर डीइंटरलेस करा (त्या रेषा घालवणारा पर्याय), पण उंची बदलायच्या आधी.

फाइल लहान करायला हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर पुरे. कॉम्प्रेशन एच.२६४, आरएफ (दर्जाचा आकडा) २० च्या आसपास. ॲनामॉर्फिक 'ऑटोमॅटिक' असलं की फाइलमधली आकाराची नोंद टिकते, मात्र मुळात ती नोंद बरोबर हवी. ऑटो क्रॉप बंद करा, तो कडा काळ्या समजून चित्रच खातो. पट्ट्या फाइलमध्ये घालत बसू नका, प्लेअर त्या आपोआप दाखवतो. फक्त नव्या फुल एचडी फुटेजबरोबर जोडायचं असेल तर मध्ये १४४० आणि दोन्ही बाजूंना २४०-२४० काळं.

आकडे बरोबर असूनही शंका असेल तर चित्रातली गोल वस्तू शोधा, जी अगदी समोरून दिसते. कार्यालयाच्या भिंतीवरचं घड्याळ चालेल, बाजूने दिसणारं गाडीचं चाक चालेल. स्क्रीनला पट्टी लावून उभं-आडवं मोजा. सारखं आलं पाहिजे.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. सगळंच ४:३ समजू नका. नंतरच्या काही डीव्ही (डिजिटल टेपच्या) कॅमेऱ्यांनी त्याच ७२०×५७६ मध्ये वाइडस्क्रीन साठवलंय, ते १०२४×५७६ करायचं. एचडीव्हीची (टेपवरच्या एचडी व्हिडिओची) फाइल १४४०×१०८० दिसते, पण ती खरी १६:९ असते, तिला ४:३ समजलात तर माणसं काटकुळी होतील. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी तिकडच्या कॅमेऱ्यावर घेतलेलं ७२०×४८० असेल, त्याचं ६४०×४८०. काही लोक ७६८ ऐवजी ७८८ सांगतील. ७२० मधले दोन्ही कडांचे आठ-आठ पिक्सेल कापा, उरलेल्या ७०४ चे ७६८ करा, दोन्ही मतं जुळतात. रीलसाठी उभं कापायचं असेल तर खुशाल कापा, मूळ फाइल वेगळी ठेवली म्हणजे झालं.

तुमच्या घरीही कुणीतरी पट्ट्यांवरून कुरकुर करणारच. त्यांच्यासाठी दुसरी, ताणलेली फाइल अजिबात बनवू नका. तीच व्हॉट्सॲपवर फिरते आणि दहा वर्षांनी तेवढीच उरते. दादाला मी हेच सांगितलंय: तुझ्या टीव्हीच्या रिमोटवर पिक्चर साइझ बदलायची सोय आहे, तुझ्या घरी तुला हवं तेवढं ताण. ताईकडे आणि भाच्यांकडे जाईल ती ७६८×५७६ चीच.