गेटवेची ‘जुनं पॅकेट’ तपासणी बंद करू नका

भाऊ, यावलच्या केळीबागेतला तुमचा बिनबॅटरीचा ओलावा सेन्सर रोज सकाळी जागा झाला की गेटवे (सेन्सरांचे रेडिओ संदेश घेणारं यंत्र) ‘जुनं पॅकेट’ म्हणून रीडिंग फेकून देतो, तर ती तपासणीच काढून टाकू का, असं विचारलंय. अजिबात नको. मग कालचं ‘माती कोरडी’ कोणीही पकडून आज परत सोडेल आणि ठिबकचा व्हॉल्व उघडाच राहील.

रात्री वीज साठवणारा कपॅसिटर रिकामा होतो, रॅममधला काउंटर (पॅकेटचा चालू क्रमांक) शून्यावर येतो आणि गेटवेला नवं पॅकेटही जुनं वाटतं, दुखणं तिथंच. तुम्ही एईएस-जीसीएम (संदेश गुप्तही ठेवणारी आणि खरा आहे का तेही तपासणारी एन्क्रिप्शन पद्धत) वापरताय म्हणता. त्यात त्याच कीसोबत (गुप्त किल्ली) तोच नॉन्स (दर पॅकेटला नवा लागणारा आकडा, काउंटरवरून बनवलेला) परत आला तर गुप्तता तर जातेच, पण खोटी पॅकेटं बनवायलाही रान मोकळं होतं. काउंटर एफरॅममध्ये (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) ठेवा. आधी वाढवून लिहा, मग एन्क्रिप्ट, मग रेडिओ. व्होल्टेज बसतं ते रेडिओ चालू होताना, त्यामुळे ‘पाठवून झाल्यावर लिहू’ म्हटलं की राहिलंच. फ्लॅश मेमरीच असेल तर ती सारखं लिहून झिजते, म्हणून ६४ आकडे आगाऊ राखा आणि रीसेटनंतर थेट त्यांच्या पुढून सुरू करा.

आम्हाला खरा फटका दिला एका अनुदान कार्यालयानं. नाव लिहीत नाही, फाईल अजून तिथंच अडकलीय. त्यांच्या फॉर्मात फक्त ‘एईएस-२५६’, म्हणजे २५६ बिटांची की. एनआयएसटी या अमेरिकेच्या मानक संस्थेनं २०२३ मध्ये छोट्या उपकरणांसाठी अ‍ॅस्कॉन हे हलकं एन्क्रिप्शन निवडलं, ते दाखवलं तर म्हणे यादीत नाही. वर प्रत्येक रीडिंगवर डिजिटल सही हवी! १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३ व्होल्टवरून २ वर येईपर्यंत देतो २५० मायक्रोज्यूल. आमच्या चिपला नुसत्या सहीलाच त्याच्या कितीतरी पट लागायचे. तपासणी झाली ती टेबलावर, यूएसबीची अखंड वीज लावून. ‘साहेब, एकदा वीज तोडून बघा की,’ तर उत्तर आलं, ‘तशी पद्धत नाही.’ पास झालो, बागेत नेलं आणि हंगाम पाण्यात गेला.

माझ्या मते ओलाव्याच्या रीडिंगला १२८ बिटांची की भरपूर. मी सर्किटवाला, क्रिप्टोग्राफर नाही, तेव्हा जाणकाराला विचाराच. पण सगळ्या सेन्सरांना एकच की देऊ नका. एक चोरीला गेला की सगळी बाग उघडी. आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असेल तर मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात त्याची गळती वाढते, हिवाळ्यातल्या मोजमापावर जाऊ नका.

चिपचा नंबर आणि गेटवेचा सकाळचा लॉग टाका, बघून सांगतो.