सड्यावरची चराई आणि जुन्या हर्बेरियम शीट

रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर, चराईने काय बदललं हे जुन्या हर्बेरियम शीटांवरून (कागदावर चिकटवून जपलेल्या वाळक्या झाडांवरून) शोधायचं, ही तुझी कल्पना मला मनापासून आवडली. मुंबईचं ब्लॅटर हर्बेरियम आणि पुण्याचं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं हर्बेरियम, दोन्हीकडे आधी पत्र पाठव.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेव. गोळा करणारा माणूस धडधाकट, फुललेलं झाडच उचलतो. कुरतडलेलं तिथेच सोडतो. त्यामुळे शीटवर खाल्ल्याची खूण दिसली नाही म्हणून तिथे गुरं नव्हती असं धरू नकोस.

खुणा भिंगाखाली बघ. गाय-बैल गवत जिभेने वेढून ओढतात, म्हणून टोक फाटकं, ओबडधोबड असतं. त्याखालून नवे फुटवे आले असतील तर झाड जगून पुन्हा वाढलं, हे फार मोलाचं. जिवंतपणी किड्याने खाल्लेल्या पानाला बहुधा तपकिरी कड येते. कपाटात कसर लागून पडलेल्या भोकाला ती नसते. इथेच नवखे फसतात.

शीटवरच्या झाडांची उंची मोजताना फुलण्याची अवस्था आणि महिना जुळवून घे. जूनमधली दिपकाडी (कंदातून उगवणारं छोटं फुलझाड) आणि सप्टेंबरमधलं गवत एकत्र मोजून काही हाती लागणार नाही.

पावसाळ्यात खाली भातशेती असते, गुरं सड्यावर जातात, नेमकी फुलं असतात तेव्हाच. म्हणून लेबलवरची तारीख आणि जागा नीट उतरव. मग त्याच सड्यावर जाऊन आंब्याच्या बागेच्या गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आतलं आणि बाहेरचं गवत शेजारी-शेजारी मोज. वणवा कुठे लावतात तेही गुराख्यांना विचार.