टायर रिममधून निघतच नाहीये, काय करू? – वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: मोटरसायकलसाठी हाताने चालवायचा टायर चेंजर घेतलाय, तोच तो, खालचा स्टँड, रिम धरायला तीन हात, मधे खांब आणि लांब दांडी. मागच्या चाकाचा बीड, म्हणजे टायरची रिमला घट्ट बसणारी कड, कसाबसा तोडला (रिमपासून सोडवला) पण पुढे टायर निघायलाच तयार नाही. मी आणि भाऊ दोघं दांडीला लोंबकळलो तरी काही नाही, उलट सगळा स्टँडच गोल फिरायला लागला आणि रिमला ओरखडा गेला तो वेगळाच. मशीन खराब आहे की आमचंच काही चुकतंय?

उत्तर: मशीन बहुतेक चांगलंच असणार. आणि लाजू नका, मी पण पहिल्यांदा असाच दांडीला लोंबकळलेलो, फक्त माझ्याबरोबर भाऊ नव्हता.

आधी रिम नीट बघा. दोन्ही कडांना उंच ओठ असतो, त्याच्या आत बीड बसायची पट्टी, आणि बरोबर मधोमध रिम खोल गेलेली असते, नाल्यासारखी. हा नाला उगाच दिलेला नाही. टायरच्या बीडमध्ये स्टीलच्या तारेचं कडं असतं आणि ते ताणलं जात नाही, तुम्ही दोघं काय आणि चौघं काय. मग ते ओठावरून बाहेर येणार कसं? तर दांडी जिथे लागलीये त्याच्या बरोबर समोरच्या बाजूचा बीड त्या नाल्यात उतरवायचा, म्हणजे तेवढी ढिलाई दांडीच्या बाजूला मिळते. समोरचा बीड पट्टीवरच बसून राहिला असेल तर तुम्ही स्टील ताणायला बघताय, दुसरं काही नाही. माझा अंदाज आहे की तुमचं नेमकं इथेच अडलंय.

आता परत सुरुवातीपासून करा. व्हॉल्व्हची पिन पूर्ण काढा, नुसती हवा सोडून भागत नाही. बीड दोन्ही बाजूंनी आणि पूर्ण गोलाईत सुटला पाहिजे, एका जागी सुटला की झालं असं वाटतं आणि तिथेच लोक फसतात. मग साबणाचं घट्टसर पाणी नाहीतर टायर पेस्ट दोन्ही बीडला आणि रिमच्या ओठाला सढळ हाताने लावा. ऑइल, ग्रीस, पेट्रोल यातलं काहीही नको, ते रबर खराब करतं आणि ऑइल-ग्रीस तर वाळतही नाही, मग ब्रेक मारला की टायर रिमवर सरकतो. साबण वाळून जातो, म्हणून साबण.

मग दांडीचं चपटं डोकं बीडखाली घाला, समोरच्या बाजूला गुडघा देऊन टायर दाबून धरा आणि दांडी खांबाला टेकवून सावकाश गोल ओढत न्या. सगळं जमलं असेल तर एका हाताने निघतो, खरंच. जोर लागायला लागला की थांबायचं आणि समोरच्या बाजूला बघायचं, हमखास बीड नाल्यातून वर आलेला असतो. चढवताना पण हाच खेळ, फक्त शेवटचा एक तृतीयांश भाग अवघड जातो कारण तोपर्यंत आधी चढलेला बीड हळूच पट्टीवर जाऊन बसलेला असतो. गुडघा पुरत नसेल तर ओठ आणि साइडवॉलच्या (टायरच्या बाजूच्या भिंतीच्या) मधे लाकडाचा ठोकळा अडकवा. आणि हो, साइडवॉलवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण चढवायच्या आधी बघा, मी एकदा सगळं झाल्यावर, हवा भरून, हात धुवून आल्यावर बघितला होता.

स्टँड फिरतो कारण तो मोकळा आहे. फरशीत बोल्टने पक्का करा, नाहीतर जाड प्लायवूडच्या मोठ्या तुकड्यावर बसवा ज्यावर तुम्ही स्वतः उभे राहू शकाल, तुमचं वजन हाच मग त्याचा पाया. रिमवर ओरखडे नकोत तर तीन हातांच्या टोकांना जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळा आणि दांडीला प्लास्टिकचं डोकं लावा. चाकाची डिस्क असलेली बाजू कधीही खाली टेकवू नका, वाकली की ब्रेक लिव्हरमध्ये आयुष्यभर धडधड. टायर प्रेशरचा सेन्सर असेल तर तो बहुतेक व्हॉल्व्हलाच जोडलेला असतो, बीड तोडताना आणि दांडी फिरवताना ती जागा सांभाळा.

प्रश्न: टायर चढला पण बीड बसत नाही, हवा भरली की सगळीकडून सूं करून निघून जाते. फुटण्याची पण भीती वाटते.

उत्तर: पायपंपाने ट्यूबलेसचा बीड बसवणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं, कॉम्प्रेसर लागतो. व्हॉल्व्हची पिन काढूनच हवा भरा म्हणजे ती एकदम जोरात आत जाते, आणि टायर थोडा वेळ उन्हात ठेवला असेल तर रबर मऊ पडून अजून सोपं जातं. तरीही निघून जात असेल तर टायरच्या बाहेरून मधोमध पट्टा आवळा, त्याने बीड बाहेरच्या बाजूला ढकलले जातात, हवा धरायला लागली की पट्टा लगेच काढा.

बीड बसताना ठक्क असा आवाज दोनदा येतो, तो यायलाच पाहिजे. पण तो ऐकायच्या नादात साइडवॉलवर लिहिलेल्या कमाल प्रेशरच्या वर जाऊ नका, बोटं रिमपासून लांब ठेवा आणि चाकावर वाकून उभे राहू नका. तेवढ्या हवेत नाही बसला तर सगळी हवा सोडायची, पुन्हा साबण, पुन्हा प्रयत्न. पेटणारा स्प्रे मारून काडी लावायचे व्हिडिओ तुम्ही बघितलेच असतील, तो मूर्खपणा आहे, करू नका. शेवटी रिमच्या अगदी जवळ साइडवॉलवर एक बारीक रेघ असते, ती पूर्ण गोलाईत रिमपासून सारख्या अंतरावर दिसली की बीड बसला. एका जागी आत गेलेली असेल तर नाही बसला, मग आवाज आला असला तरी.

प्रश्न: माझी गाडी स्पोकवाली आहे, ट्यूबचा टायर. दोनदा नवीन ट्यूब टाकली, दोन्ही वेळा पंक्चर. ट्यूबच खराब येतात का?

उत्तर: ट्यूब नाही, टॉमी, म्हणजे टायर उचकटायची चपटी लोखंडी दांडी. शेजारी शेजारी दोन बारीक चिरा दिसत असतील तर ट्यूब टॉमी आणि रिममधे चिमटली गेलीये. ट्यूबमध्ये गोल आकार येईल एवढीच हवा भरून मग ती आत घाला, टायरमध्ये थोडी टाल्कम पावडर टाका आणि टॉमी गरजेपेक्षा खोल घालू नका. चढवायचा शेवटचा भाग व्हॉल्व्हपाशी येऊ द्या, आणि व्हॉल्व्ह जरा आत ढकलून ठेवा म्हणजे बीडखाली ट्यूब सापडत नाही. भोक ट्यूबच्या आतल्या बाजूला, स्पोककडे असेल तर मात्र गोष्ट वेगळी, रिमवरची रबर पट्टी बदला.

प्रश्न: घरी बॅलन्सिंग जमतं का, की सोडून दिलं तरी चालतं?

उत्तर: सोडू नका, आणि जमतं. एक्सल चाकात घाला, दोन सारख्या उंचीच्या स्टँडवर आडवा ठेवा आणि चाक मोकळं फिरू द्या. जड बाजू खाली येऊन थांबते, तिच्या बरोबर समोर वरच्या बाजूला ५-५ ग्रॅमची चिकटणारी वजनं लावत जा, चाक कुठेही सोडलं तरी तिथेच थांबायला लागेपर्यंत. बेअरिंग जाम असेल किंवा सील घट्ट असेल तर चाक खोटं बोलतं, ते आधी बघा. टायरवर रंगाचा छोटा ठिपका असला तर ती बहुतेक हलकी बाजू, चढवताना तो व्हॉल्व्हपाशी आणा म्हणजे वजनं कमी लागतात.

प्रश्न: चाक परत बसवताना सगळ्यात जास्त काय विसरलं जातं?

उत्तर: ब्रेक. चाक बाहेर असताना कोणीतरी लिव्हर दाबतो आणि पिस्टन बाहेर येतात, म्हणून पॅडच्या मधे लाकडाची चीप ठेवा. आणि चाक बसल्यावर गाडी हलवायच्या आधी लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा, पहिली दाब बऱ्याचदा पोकळ जाते आणि ती रस्त्यावर कळणं बरं नाही. त्यानंतर डावा-उजवा स्पेसर (एक्सलवरच्या छोट्या नळ्या) अदलाबदल झालेत का, चेनची ढील किती, एक्सल नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला, म्हणजे दिलेल्या जोराला, आवळलाय का. नवीन टायर सुरुवातीला गुळगुळीत असतो, पहिले दीडशे किलोमीटर वळणात जपून.

प्रश्न: टायर नवा म्हणून दिलाय पण जुना स्टॉक असावा असं वाटतंय.

उत्तर: साइडवॉलवर DOT (डॉट) या अक्षरांनी सुरू होणारा कोड शोधा, त्यातले शेवटचे चार आकडे बघा. २३२१ असेल तर २०२१ सालचा २३ वा आठवडा. कधी कधी हे आकडे एकाच बाजूला असतात, त्यामुळे टायर चढवायच्या आधीच दोन्हीकडून बघून घ्या.