वाचकांचे प्रश्न : घर सोडायचं ठरलं, आता कौन्सिलमध्ये काय सांगायचं?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या वाचक भगिनींकडून आणि त्यांच्या इथल्या माहेरच्यांकडून आलेल्या पत्रांपैकी घरातल्या छळामुळे घर सोडण्याबद्दलची पाच इथे घेतली आहेत. कौन्सिल म्हणजे तिथली स्थानिक पालिका. नावं आणि गावं काढून टाकली आहेत. उत्तरं इंग्लंडपुरतीच आहेत. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे आहेत.

प्रश्न : आम्हा दोघांना आयएलआर (कायम वास्तव्याची परवानगी) आहे, मुलं ९ आणि ४ वर्षांची. नवऱ्याने कधी हात उचललेला नाही. पण माझा पगार त्याच्या खात्यात जातो, दुकानाची पावती रोज दाखवावी लागते, आणि मी कुणाशी बोलते याचा हिशेब सासूबाई ठेवतात. कौन्सिलमध्ये गेले तर म्हणाले, "पोलिस रिपोर्ट आणा, शिवाय भाडेकरारावर तुमचं नाव आहे, म्हणजे तुम्हाला घर आहे." आता कुठे जाऊ?

उत्तर : तिथेच परत जा किंवा दुसऱ्या कौन्सिलमध्ये जा, पण या वेळी शब्द मोजून वापरा. आपल्या बायका काउंटरवर संकोचाने म्हणतात, "आमचं पटत नाही, वेगळं राहायचंय, कौन्सिलचं घर मिळेल का?" समोरचा लिहून घेतो : नातं तुटलं, हाउसिंग रजिस्टर. म्हणजे वर्षानुवर्षांची रांग. तुम्हाला रांगेत उभं राहायचं नाहीये, होमलेसनेसचा, म्हणजे बेघर म्हणून मदतीचा, अर्ज करायचाय. तेव्हा एवढंच सांगा : "घरातल्या छळामुळे मला तिथे राहणं सुरक्षित नाही. आज रात्रीसाठी जागा नाही. मला होमलेसनेस अर्ज करायचा आहे." 'डोमेस्टिक अब्यूज' हे दोन शब्द तुमच्या तोंडून गेलेच पाहिजेत.

मार लागलेला नाही ही अडचण नाही. २०११ साली हाउन्स्लो कौन्सिलविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंसा म्हणजे फक्त मारहाण नव्हे असं ठरवलं. २०२१ च्या डोमेस्टिक अब्यूज कायद्याने तर आर्थिक कोंडी, धाकात ठेवणं आणि मानसिक छळ व्याख्येतच घातला. सासू-सासरे, दीर हेही त्या कायद्यात 'संबंधित व्यक्ती' धरले जातात. सासूबाईंची पाळत म्हणजे घरातली कुरबुर नव्हे, ती तुमच्या अर्जाचा भाग आहे. याच कायद्यामुळे छळापायी बेघर झालेल्या व्यक्तीला आपोआप प्राधान्य मिळतं. पूर्वी 'तुम्ही इतरांपेक्षा जास्त असहाय आहात' हे वेगळं सिद्ध करावं लागायचं, ते आता नाही.

करारावर नाव आहे म्हणून घर आहे, हे म्हणणं कायद्यात बसत नाही. जिथे राहिल्याने छळ होण्याची शक्यता आहे, ते घर १९९६ च्या हाउसिंग कायद्याप्रमाणे 'राहण्याजोगं' धरलंच जात नाही. म्हणून ते सोडल्यावर 'मुद्दाम बेघर झालात' हा शिक्काही बसू नये. मात्र घाईघाईने करार संपवल्याची नोटीस देऊ नका. संयुक्त करार मुदतीविना चालू असेल तर एकाच्या नोटिशीने तो दोघांचाही संपू शकतो, मग परत जायचं म्हटलं तरी दार उरत नाही. परतायचा विचार असेल तर रेफ्यूजचं (छळातून सुटलेल्या स्त्रियांच्या निवारागृहाचं) भाडं हाउसिंग बेनिफिटमधून आणि जुन्या घराचं युनिव्हर्सल क्रेडिटमधून, अशी दोन्ही भाडी या सरकारी भत्त्यांतून १२ महिन्यांपर्यंत मिळू शकतात.

पोलिस रिपोर्ट असला तर बरं, पण तो अट म्हणून मागता येत नाही. तुम्ही बेघर असाल, मदतीला पात्र असाल आणि प्राधान्यात बसत असाल असं वाटायला जागा असली की चौकशी पूर्ण व्हायच्या आधीच कौन्सिलने तात्पुरती राहायची सोय करायची असते. मापदंड मुद्दाम कमी ठेवलेला आहे. जवळ काय ठेवावं? तारखांसह पाच-सहा प्रसंगांची एका पानाची नोंद, पगार दुसऱ्याच्या खात्यात जातो हे दाखवणारी पे-स्लिप, जीपीकडे (नेहमीच्या डॉक्टरकडे) कधी बोलला असाल तर त्याची नोंद, मैत्रिणीला केलेले मेसेज. "जा, आधी कोर्टातून मनाईहुकूम आणा" असं सांगून परतवणंही चुकीचं आहे.

गाव बदलायचं असेल तर खुशाल बदला. जिथे धोका आहे तिथे 'तुमचं नातं त्या गावाशी' म्हणून परत पाठवता येत नाही. सोशल हाउसिंगच्या, म्हणजे स्वस्त भाड्याच्या घरांच्या, यादीसाठीही अशा स्त्रियांना स्थानिक वास्तव्याची अट लावू नये, असा नियम २०२५ मध्ये आला. बोलण्यासाठी वेगळी खोली, स्त्री अधिकारी आणि मराठी दुभाषी मागा. दुभाष्याचे पैसे लागत नाहीत. मराठी मंडळातली ओळखीची बाई दुभाषी म्हणून नेऊ नका, आणि नऊ वर्षांच्या मुलाला तर नाहीच.

नकार मिळाला तर तो लेखी मागा. तोंडी 'नाही'वर पुढे दाद मागणं अवघड जातं. लेखी निर्णय हातात आल्यापासून २१ दिवसांत फेरविचार मागता येतो.

प्रश्न : नवरा आयटीत, स्किल्ड वर्कर व्हिसावर. मी आणि मुलगी त्याच्यावर अवलंबून, म्हणजे डिपेंडंट. व्हिसावर 'नो पब्लिक फंड्स' (सरकारी मदत नाही) असा शेरा आहे. "बाहेर पडलीस तर व्हिसा रद्द करीन" असं तो म्हणतो. मला कौन्सिल दारात तरी उभं करेल का?

उत्तर : व्हिसा रद्द करायचा अधिकार होम ऑफिसचा, म्हणजे तिथल्या गृहखात्याचा आहे, नवऱ्याचा नाही. तो फक्त 'आम्ही वेगळे झालो' असं कळवू शकतो, आणि मग होम ऑफिस तुमची मुदत कमी करू शकतं. धमकी पोकळ नाही, पण ती देणारा मालक नाही.

हाउसिंग विभाग या स्थितीत तुम्हाला घर देणार नाही, हे खरं. म्हणून मुलीसाठी दुसरं दार ठोठवायचं : चिल्ड्रन्स सर्व्हिसेस, म्हणजे मुलांचा विभाग. १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टच्या १७ व्या कलमाखाली आई आणि मुलाला जागा आणि जेवणखर्च देता येतो, व्हिसा कुठलाही असो. स्लाव किंवा मिल्टन कीन्ससारख्या ठिकाणी हे दोन्ही विभाग एकाच कौन्सिलकडे आहेत. काही भागांत हाउसिंग बरो किंवा जिल्हा कौन्सिलकडे आणि मुलांचा विभाग काउंटीकडे असतो. तिथे लोक चुकीच्या इमारतीत बसून दिवस घालवतात. "मुलीला आम्ही घेतो, तुम्ही परत जा" असं कुणी म्हणालं तर ताबडतोब वकील किंवा हेल्पलाइन गाठा, कारण कलमाचा रोख कुटुंब एकत्र ठेवण्याकडे आहे.

तिसरा मार्ग मायग्रंट व्हिक्टिम्स ऑफ डोमेस्टिक अब्यूज कन्सेशन, म्हणजे व्हिसावरच्या छळग्रस्तांसाठीची सवलत. अर्जाला फी नाही. मंजूर झाल्यावर ३ महिन्यांची परवानगी मिळते, काम करता येतं, पब्लिक फंड्स खुले होतात आणि हाउसिंग विभागाचं दारही. पण थांबा, इथेच बायका फसतात. ब्रिटिश किंवा आयएलआरवाल्याची पत्नी या ३ महिन्यांत कायमच्या वास्तव्याचा अर्ज करू शकते. वर्कर किंवा विद्यार्थ्याच्या डिपेंडंटला तो पुढचा रस्ता नाही. कन्सेशन मिळताच आधीचा डिपेंडंट व्हिसा संपतो, आणि या ३ महिन्यांत दुसरं काही जुळलं नाही, म्हणजे स्वतःचा स्पॉन्सर, दुसरा एखादा व्हिसा किंवा परतीचं तिकीट, तर तुम्ही विनापरवाना ठरता. नोकरीची बोलणी चालू असतील तर तारखा मोजून अर्ज करा. नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराशी बोलल्याखेरीज 'सबमिट' दाबू नका.

आणखी एक. घरातल्या सगळ्यांचे व्हिसा अर्ज बहुधा त्यानेच भरले असतील. मग तुमच्या ई-व्हिसाच्या खात्याला त्याचाच ईमेल आणि मोबाइल जोडलेला असणार. खातं उघडायला गेलात की सुरक्षा कोड त्याच्या फोनवर वाजतो. कौन्सिल शेअर कोड (तुमचा व्हिसा तपासण्यासाठीचा कोड) मागेल, तो या खात्यातूनच निघतो. तेव्हा हे काम सपोर्ट वर्करच्या मदतीने, तिच्या फोनवरून, घराबाहेर पडल्यावर करा. ०८०८ २००० २४७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन चोवीस तास आणि मोफत आहे. कुठल्या रेफ्यूजमध्ये व्हिसावरच्या बाईसाठी जागा आहे हे तिथे कळतं.

प्रश्न : बहीण सुट्टीला म्हणून पुण्याला आली. नवरा तिचा पासपोर्ट घेऊन एकटाच परत गेला, आता फोन उचलत नाही. तो ब्रिटिश नागरिक आहे. ती परत जाऊ शकते का?

उत्तर : हो. ३१ जानेवारी २०२४ पासून अशा सोडून दिलेल्या पत्नीला भारतातूनच कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. आधी पोलिसांत तक्रार, मग त्या नोंदीवर नवा पासपोर्ट. पुरावा म्हणून तिकिटं जपा : दोघांची येण्याची, त्याची एकट्याची जाण्याची, आणि तिचं रद्द झालेलं परतीचं. नवरा फक्त वर्क व्हिसावर असता तर ही वाट नसती. कौन्सिलला अर्ज तिथे उतरल्यावरच करता येईल, पण रेफ्यूजची चौकशी विमानात बसण्याआधी हेल्पलाइनवर करून ठेवावी. दरम्यान आपल्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ती पुण्यातच दाद मागू शकते. तात्पुरतं राहण्याचं ठिकाणही त्यासाठी चालतं.

प्रश्न : घर नवऱ्याच्या नावावर, हप्ते दोघांच्या पगारातून. मी का बाहेर पडू? त्यालाच काढता येईल का?

उत्तर : येऊ शकतं. १९९६ च्या फॅमिली लॉ ॲक्टखाली दोन हुकूम मिळतात : जवळ येण्यास मनाई करणारा नॉन-मोलेस्टेशन आणि घरात कोण राहील हे ठरवणारा ऑक्युपेशन ऑर्डर. दोन्ही एकाच एफएल४०१ फॉर्मवर, कोर्ट फी नाही. पहिला मोडला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसरा कोर्ट सहज देत नाही, तो बहुतेक वेळा काही महिन्यांपुरता असतो आणि मालकी बदलत नाही.

लग्न टिकून आहे तोवर त्या घरात राहण्याचा तुमचा हक्क लँड रजिस्ट्रीत (मालमत्ता नोंदणी कार्यालयात) एचआर१ फॉर्मने नोंदवता येतो, फी न भरता. त्याने घर गुपचूप विकायला बसणं अवघड होतं. फक्त लक्षात ठेवा : नोंद झाली की रजिस्ट्री त्यालाही पत्र पाठवते. तुम्ही त्याच छताखाली असताना हे पत्र दारातून पडू नये, एवढी वेळ साधा.

तो बाहेर गेल्यावर कौन्सिलच्या सँक्चुअरी योजनेबद्दल विचारा. कुलपं बदलणं, दारं-खिडक्या मजबूत करणं, आग न लागणारी टपालपेटी, गरज असल्यास आतून बंद होणारी एक भक्कम खोली, अशी कामं त्यात होतात. तो अजून घरात राहत असेल तर ही योजना उपयोगाची नाही.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा आहे. दोन रेफ्यूजनी "मोठा मुलगा चालत नाही" म्हणून सांगितलं.

उत्तर : पुष्कळ रेफ्यूजमध्ये मुलग्यांना वयाची मर्यादा असते, ती जागोजागी वेगळी. हे कौन्सिलला पहिल्याच भेटीत सांगा आणि स्वतंत्र तात्पुरता फ्लॅट मागा. बी अँड बी (लॉजसारखी खोली) दिलं तर मुलं असलेल्या कुटुंबाला तिथे सहा आठवड्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पुढे रेफ्यूजमध्ये जागा मिळाली तरी 'आता घर मिळालं' म्हणून फाइल बंद करू देऊ नका. रेफ्यूजमधली स्त्री बेघरच धरली जाऊ शकते, हा निकाल तेव्हा तिथलं सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००९ मध्ये मँचेस्टर कौन्सिलविरुद्ध दिलेला आहे. मुलाच्या शाळेला मात्र नवा पत्ता वडिलांना देऊ नये असं लेखी कळवा, आणि त्याच्या फोनमधलं लोकेशन शेअरिंग निघायच्या दिवशीच बंद करा, आदल्या रात्री नको, नाहीतर बाहेर पडायच्या आधीच विचारणा सुरू होईल.